एका ग्लासात एक चमचा

दोनशे अठरा.

रक्तातली साखर मोजायच्या मशीनच्या काचेवर आकडा आला आणि मी आदितीच्या तोंडाकडे बघितलं. ती बोटावर कापूस दाबून भिंतीकडे बघत बसली होती. तेरा वर्षांची माझी एकुलती एक पोरगी, आणि त्या क्षणी ती मला चोर दिसत होती. आई असून असं सांगायला लाज वाटते, पण दिसत होती हे खरं आहे.

"शाळेत काय खाल्लंस?" मी दबक्या आवाजात विचारलं. खोलीचं दार लावलेलं होतं. बाहेरच्या खोलीत आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

"डबा. दोन चपात्या आणि दोडक्याची भाजी."

"आणि?"

"तुझं सरबत. दोन ग्लास. तूच म्हणतीस की पी म्हणून."

"त्यानं एवढी चढत न्हाय. खोटं बोलू नको आदिती. मशीन खोटं बोलत न्हाय."

"मग मी बोलतोय व्हय?"

मी तिच्या थोबाडीत दिली. तेरा वर्षांत पहिल्यांदा. आवाज एवढा मोठा झाला की बाहेरून आक्कांनी विचारलं, "काय गं झालं?"

"काही नाही आक्का. डास होता."

आदिती रडली नाही. तिने गाल चोळलासुद्धा नाही. त्याने मला आणखीनच राग आला, कारण निगरगट्ट माणूसच असं कोरडं राहतं, असं मला वाटलं.

हे सगळं सुरू झालं मे महिन्यात. आदितीच्या मानेमागे काळपट पट्टा दिसायला लागला होता. मी मळ समजून आंघोळीच्या वेळी दगडाने घासत होते. पोरगी ओरडायची आणि मी म्हणायची, "घाणेरडी कुठली." शेवटी तिच्या अंगावर पुरळ उठलं म्हणून शाहूपुरीतल्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी पुरळाकडे बघितलंच नाही. मान बघितली, वजनकाट्यावर उभं केलं आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाले, "हा मळ नाही वहिनी, रक्तात साखर चढायला लागल्याची खूण आहे. अजून उंबरठ्यावर आहे. आत गेली तर गोळ्या, आणि पुढंमागं सुई. जन्मभर. रोज किती बाटल्या पिते ही?"

मला ठाऊकच नव्हतं. आदितीनेच खाली मान घालून सांगितलं, शाळेच्या कँटीनमध्ये मधल्या सुट्टीत एक आणि सुटल्यावर एक. कोल्ड्रिंकच्या.

ही गोष्ट घरात आम्हा तिघांनाच माहीत होती. मी, आदिती आणि माझे यजमान अभिनंदन. ते इचलकरंजीला यंत्रमागाच्या कारखान्यात शिफ्टवर असतात, त्यामुळे घरात असले तरी झोपलेले असतात. आक्कांना आम्ही सांगितलं नाही. मीच नको म्हटलं. आक्का मनाने सोन्यासारख्या, पण त्यांच्या पोटात बातमी टिकत नाही. सकाळी मंदिरात चार बायका भेटल्या की दुपारपर्यंत गोष्ट शिरोळपर्यंत पोहोचते. आपल्या समाजात घरं मोजकी. आज 'मगदुमांच्या पोरीला साखर हाय' एवढं कानावर गेलं की दहा वर्षांनी स्थळ बघायला आलेला पावणा तेच आधी आठवणार. म्हणून आक्कांना सांगितलं, आदिती जरा बारीक व्हायचं म्हणतेय, तिला गोड देऊ नका. आक्कांनी कपाळावर हात मारून घेतला आणि "फिगर करत्यात आजकालच्या पोरी" म्हणून गप्प बसल्या.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सरकारी आदेश येऊन पडला होता. शंभर मिलीला पाच ग्रॅमपेक्षा जास्त साखर असलेलं कुठलंही पेय शाळेत विकायचं नाही, फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत दुकानात ठेवायचं नाही आणि जे विकाल त्यात साखर किती हे फळ्यावर लिहायचं. मुख्याध्यापक गणपतराव सरांनी पालकांना हॉलमध्ये बोलावून तो वाचून दाखवला. लहान वयातला लठ्ठपणा, पुढची आजारपणं, दवाखान्यांवर होणारा खर्च आणि तो शेवटी सगळ्यांच्याच डोक्यावर कसा बसतो, असं बरंच काही त्यात होतं. ज्या जिल्ह्यात साखर कारखान्याची निवडणूक आमदारकीपेक्षा जोरात होते, तिथे असला कागद वाचायचा म्हणजे सरांनाही घाम फुटला होता. मागून एकजण ओरडला, "उद्या च्यात किती घालायची तेबी सरकारच सांगणार काय?" सगळा हॉल हसला. मी हसले नाही. मला तर ते सरकार माझ्या घरात डोकावून गेल्यासारखं वाटत होतं.

जुना कँटीनवाला आपला फ्रीज उचलून निघून गेला. कँटीन कोण चालवणार, असं सरांनी विचारलं तेव्हा मी हात वर केला. कशासाठी, ते स्पष्टच सांगते. मला पोरीच्या मधल्या सुट्टीवर लक्ष ठेवायचं होतं.

मी कोकम सरबत करायचं ठरवलं. पहाटे उठून कोकमाचा अर्क काढायचा, जिरं, सैंधव मीठ आणि ग्लासाला एक चमचा या हिशेबाने मोजून साखर. दहा दहा लिटरचे दोन कॅन. ते भरून झाले की मी मंदिरात दर्शनाला जायची, परत येईपर्यंत आक्का झाकणं लावून कॅन पुसून ठेवायच्या आणि मग रिक्षा यायची. आदितीने स्वतःच्या सुंदर अक्षरात फळा लिहिला: कोकम सरबत, एका ग्लासात एक चमचा साखर.

पहिले तीन आठवडे कुणी तोंड लावलं नाही. पोरं एक घोट घ्यायची आणि "आंबटढाण" म्हणून ग्लास तसाच ठेवून पळायची. दुपारी भरलेले कॅन मी घरी आणून मोरीत ओतायची. आक्का बघायच्या, बोलायच्या नाहीत.

मग चातुर्मास लागला. आमच्या मंदिरात मुनिमहाराज होते. मी त्यांच्यासमोर हात जोडून नियम घेतला. दिवसातून एकदाच जेवायचं, दुपारी तीन वाजता, एका बैठकीत. त्याआधी किंवा नंतर तोंडात कण घालायचा नाही. आणि पोरीचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत साखरेचा त्याग. या दुसऱ्या नियमाचं कारण मी महाराजांनाही सांगितलं नाही, मनातच म्हटलं.

आणि काय सांगू, नियम फळला! त्याच आठवड्यात सरबत खपायला लागलं. आधी अर्धा कॅन, मग एक, आणि श्रावण लागेपर्यंत मधल्या सुट्टीत दोन्ही कॅन रिकामे. पोरं रांग लावायची. गणपतराव सर रोज दोन ग्लास प्यायचे आणि भेटेल त्याला सांगायचे की पोरांच्या जिभेला वळण लावावं तर राजमतीवहिनींनी. मी हवेत होते. एकदा आदिती म्हणालीसुद्धा, "आई, एका चमच्यात एवढं गोड हुतंय?" मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "जीभ सुधारली की थोडं गोडही पुष्कळ लागतं. तुझी सुधारायला लागली." पोरीला पटलं. आईच सांगते म्हटल्यावर का पटणार नाही?

सप्टेंबरात दुसरा रिपोर्ट काढला. साखर उतरायच्या ऐवजी चढली होती.

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "दिवसा कुठंतरी गोड जातंय पोटात. पंधरा दिवस घरीच मशीनवर बघा. सकाळी उपाशीपोटी आणि शाळेतून आल्यावर. आकडे असेच राहिले तर मी थांबू शकत नाही, औषध सुरू करावं लागेल."

मी आकडे लिहायला लागले. सकाळी उपाशीपोटी एकशे दहाच्या आसपास. दुपारी दोनशेच्या वर. आणि रविवारी दुपारी? एकशे अडतीस. त्या रविवारच्या आकड्याने माझी खात्री पटली. रविवारी शाळा नसते, म्हणून साखर कमी. म्हणजे शाळेतच काहीतरी चोरून चाललंय. मैत्रिणींच्या बाटल्या, दप्तरातून आणलेल्या गोळ्या. मी तिचं दप्तर उलटंपालटं केलं, वर्गशिक्षिकेला लक्ष ठेवायला सांगितलं, मैत्रिणींना उभं करून विचारलं. काहीच सापडलं नाही. न सापडल्यामुळे माझा संशय उतरला नाही, उलट वाढला.

त्या दोनशे अठराच्या दिवशी मी तिला मारलं आणि दुसऱ्या दिवसापासून शिक्षा दिली. मधल्या सुट्टीत मैत्रिणींत जायचं नाही. कँटीनमध्ये माझ्याशेजारी स्टुलावर बसायचं, माझ्या डोळ्यांसमोर डबा खायचा आणि तहान लागली तर माझं सरबत प्यायचं. रांगेतली पोरं तिच्याकडे बघून कुजबुजायची. ती मान खाली घालून ग्लास रिकामा करायची. दुपारी मशीन लावलं की आकडा तसाच. दोनशे सहा. दोनशे एकवीस. दोनशे तेरा. मी रोज तेच विचारायची आणि ती रोज तेच सांगायची, "तुझं सरबतच पितोय फक्त." मी म्हणायची, "मशीन खोटं बोलत न्हाय." असे आठ दिवस गेले. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतले चार दिवस उरले होते.

त्या गुरुवारी मधली सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. आदिती स्टुलावर बसली होती, एक ग्लास संपवून दुसरा हातात घेतलेला. रांग दारापर्यंत गेली होती. तेवढ्यात गणपतराव सर एका बाईंना घेऊन आत आले. पस्तिशीच्या असतील, एका हातात हेल्मेट, खांद्याला पिशवी.

"ह्या प्रियदर्शनी मॅडम. अन्न विभागाच्या अधिकारी," सर म्हणाले. "आणि मॅडम, ह्या आमच्या राजमतीवैनी. आख्ख्या जिल्ह्याला दाखवावं असं कँटीन हाय बघा. बसा, आधी सरबत घ्या. आमच्यात पावण्याला थंड पाजल्याशिवाय बोलत न्हाईत."

"ड्यूटीवर काही घेत नाही सर," बाई हसून म्हणाल्या. त्यांनी फळा वाचला, वहीत लिहून घेतला आणि पिशवीतून वीतभर लांबीची एक नळी काढली.

"ह्ये तर उसाचं मशीन!" सरांना गंमत वाटली. "कारखान्याची माणसं फडात घिऊन फिरत्यात की, ऊस पिकलाय का बघाय."

"तेच. उसातली साखर मोजतं तशी सरबतातलीही अंदाजानं कळते."

बाईंनी पहिल्या कॅनमधलं सरबत काढून काचेवर दोन थेंब टाकले, नळी डोळ्याला लावली आणि खिडकीच्या उजेडाकडे तोंड केलं. मग नळी खाली घेतली. काच पुसली. पुन्हा थेंब टाकले. पुन्हा बघितलं. दुसऱ्या कॅनमधले थेंब घेतले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"साधं पाणी द्या थोडं."

मी दिलं. पाण्याचे थेंब टाकून त्यांनी नळी सरांच्या हातात दिली. "किती दिसतंय?"

"शून्य," सर म्हणाले.

"आता हे बघा." त्यांनी सरबताचे थेंब टाकले. सरांनी बघितलं आणि नळी माझ्याकडे दिली. रेघ तेरावर होती.

"आंबटपणाचे आणि मिठाचे दोन मी सोडून देते," बाई म्हणाल्या. "तरी अकरा राहतात. मर्यादा पाचची आहे. तुमच्या फळ्यावर एक चमचा लिहिलंय वहिनी. हे साडेचार चमचे होतात ग्लासाला. बाटलीतल्या कोल्ड्रिंकपेक्षा तसूभरही कमी नाही."

"मशीन बिघडलंय तुमचं," मी म्हणाले. आवाज चढला होता, रांगेतली पोरं गप्प झाली. "मी सोताच्या हातानं मोजून घालते. ग्लासाला एक चमचा. एक दाणा जास्त न्हाय."

"मग चव बघा की तुम्हीच."

"मी चव घेत नाही. माझा नियम आहे. एकदाच जेवते, आणि साखरेचा त्याग आहे."

"कधीपासून?"

"आषाढापासून."

बाईंनी वहीतून मान वर केली. "म्हणजे अडीच महिने तुम्ही शंभर पोरांना रोज जे पाजताय, ते तुमच्या जिभेला लागलेलंच नाही?"

गणपतराव सरांनी मला कोपऱ्यात घेतलं. ते घाबरले होते, पण बुद्धी शाबूत होती. "वैनी, घाबरू नका. हरकत घ्यायची. रीडिंग मान्य न्हाय, यंत्र सदोष हाय, असं लिव्हा. मग नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातोय, पंधरा-वीस दिवस निघत्यात. तवर कँटीन चालू ऱ्हातंय. पुढचं पुढं बघू." आणि त्यांनी आपलं पेन माझ्या हातात दिलं.

बाईंनी कागद पुढे सरकवला. त्यांनीही तेच सांगितलं, नियमानेच. हरकत घेतली तर निकाल येईपर्यंत कँटीन सुरू राहील. रीडिंग मान्य केलं तर आजपासून बंद.

मी पेन टेकवलं. काय लिहायचं ते डोक्यात तयार होतं. खरं सांगते, माझ्या मनात त्या क्षणी फक्त कँटीन होतं, आणि अब्रू. मगदुमांच्या सुनेने पोरांना फसवलं, असं उद्या गल्लीत होणार. मी 'यंत्र' एवढा शब्द लिहिलासुद्धा.

मग मी मान वर केली. आदिती माझ्याकडे बघत होती. बाईंकडे नाही, सरांकडे नाही. माझ्याकडे. हातात अर्धा ग्लास, आणि ओठावर कोकमाची लाल रेघ. मी काय लिहिते ते बघत होती.

आठ दिवस मी तिला सांगत होते की मशीन खोटं बोलत नाही. आता हे मशीन खोटं, असं मी सही करून लिहून देणार होते. आणि हे खोटं ठरलं तर चोर कोण राहणार होतं, ते तिलाही कळत होतं. दोनशे अठरा, दोनशे सहा, रविवारी एकशे अडतीस. रविवारी शाळा नसते. रविवारी सरबतही नसतं. एवढी साधी गोष्ट मला आठ दिवस दिसली नव्हती.

मी उठले आणि तिच्या हातातला ग्लास घेतला.

"वैनी, तुमचा नियम..." सर म्हणाले.

मी प्यायले. अडीच महिने साखर न शिवलेल्या जिभेला तो घोट चटका बसावा तसा लागला. गुलाबजामाच्या पाकासारखं गोड. मी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, ग्लास रिकामा केला. नियम मोडला याचं त्यावेळी मला काहीच वाटलं नाही. मला एवढंच दिसत होतं की हे मी माझ्या पोरीला रोज दोन ग्लास पाजत होते. आणि शिक्षा म्हणून समोर बसवून पाजत होते.

आधीचा शब्द खोडून मी लिहिलं, रीडिंग मान्य आहे. खाली सही केली. गणपतराव सरांनी कपाळाला हात लावला.

बाईंनी दोन बाटल्यांत नमुना भरून सील केला आणि उरलेलं ओतून द्यायला सांगितलं. मी दोन्ही कॅन बाहेरच्या गटारीत उपडे केले. रांगेतली पोरं हळहळली. एकजण म्हणालाच, "मॅडम, भारी हुतं की ओ." प्रियदर्शनीबाई हेल्मेट उचलताना मला हळूच म्हणाल्या, "साखर तुम्ही घातली नाही, हे मला दिसतंय. पण कुणी घातली ते घरी बघा." ते मला घरी जाऊन बघायची गरज नव्हती. पहाटे मी मंदिरात गेल्यावर कॅनजवळ एकच माणूस असायचं.

शाळेतून आदितीला घेऊन निघाले. घर पाच मिनिटांवर, पण तो रस्ता संपता संपेना. दोनदा मी तिचा हात धरायला गेले, दोनदा तिने दप्तराचा पट्टा सावरला. ती माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिली.

आक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"आक्का, सरबतात साखर तुम्ही घालता?"

आक्कांनी मान वर केली, आणि त्यांना हसू फुटलं. चोरी पकडल्याचं नव्हे. कौतुक व्हायची वेळ आली म्हणून फुटतं तसं. "व्हय, मीच घालतो की. कळालं व्हय शेवटी?"

"किती?"

"कॅनला एक तांब्या. मागच्या खोलीत कारखान्याची सभासदाची साखर हाय की पोत्यानं, ती काय मुंग्यास्नी ठेवायची? कॅनच्या कॅन मोरीत वतायचीस तू. मला बघवत नव्हतं. मगदुमांच्या घरचं सरबत आणि पोरं थुकत्यात, ही काय रीत झाली? पावण्याला पाजायचं त्यात हात आखडायचा न्हाय, असं माझ्या सासूनं शिकिवलंय मला." त्यांनी सूप हलवलं. "तुला बोललो न्हाय. म्हटलं, सुनंनं नियम धरलाय, तिला वाटू दे नियमानं झालं."

मला ओरडायचं होतं.

"आणि ही पोरगी," आक्का आदितीकडे बघून म्हणाल्या, "फिगरच्या नादानं सगळं गोड सोडून बसली. तोंड वाळलंय तिचं. म्हटलं, शाळंत तरी दोन घोट गोड जाऊ दे तिच्या पोटात."

"आक्का, तिला साखरेचा आजार लागायला लागलाय."

सूप थांबलं.

"डॉक्टरांनी मे महिन्यात सांगितलं. गोड बंद केलं ते फिगरसाठी नव्हे. आज चार महिने आम्ही ती उतरवायला बघतोय आणि ती चढतीय. सोमवारी उतरलेली नसली तर औषध सुरू."

आक्कांनी तांदळातून हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "मे महिन्यापास्नं. आन मला आज सांगतीस?"

"तुम्ही मंदिरात बोलला असता. समाजात झालं असतं. उद्या तिच्या सोयरिकीला..."

"बोललो असतो," आक्का म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? चार बायकांत बोललो असतो. पर साखर घातली नसती."

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडेच बघत बसल्या आणि मग गदगदून रडायला लागल्या. चाळीस वर्षं शेतातला ऊस आणि घरातली माणसं सांभाळलेली बाई, तिला मी असं कधी बघितलं नव्हतं.

आदिती अजून दारात होती, पाठीवर दप्तर तसंच. मी तिच्यापुढे गेले. "आदिती, तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं. मी तुला मारलं, सगळ्यांपुढं बसवलं. माझं चुकलं गं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल आणि मला मिठी मारेल. मी हातसुद्धा थोडे पुढे केले होते. तिने दप्तर उतरवलं, माझ्या बाजूने पुढे गेली आणि आक्कांना लागून खाली बसली. ओढणीने त्यांचे डोळे पुसले.

"रडू नको आज्जी," ती म्हणाली. "तुला कुणी सांगितलंच नव्हतं."

आक्कांनी तिला जवळ ओढलं. त्यांच्या खांद्यावरून आदितीने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. असता तर बरं झालं असतं.

"आईला मी रोज सांगत हुतो," ती म्हणाली.

त्या दोघी एकमेकींना धरून बसल्या होत्या. मी चप्पल काढून दाराशी ठेवली आणि तिथेच उभी राहिले. आत ये, असं मला कुणी म्हणालं नाही.